असेम्ब्लरचे कोबोल करताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या संगणक प्रणालींवर लेख आला होता. असेम्ब्लरमधले (यंत्राच्या आज्ञा एकेक करून लिहायच्या भाषेतले) प्रोग्राम कोबोलमध्ये (हिशेबी कामाच्या जुन्या, इंग्रजीसारख्या वाचता येणाऱ्या भाषेत) आणणे म्हणजे जुन्यातून जुन्यातच जाणे, आणि भाषांतराची साधने आल्यामुळे तेही आता काही आठवड्यांचे काम उरले आहे, असा त्याचा सूर होता. दोन्हींवर लिहिणे भाग आहे. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी टीम परदेशी बँका आणि विमा कंपन्यांसाठी आज हेच काम करत आहेत. ‘काही आठवडे’ हा आकडा एकदा कंत्राटात शिरला की त्याचे ओझे शेवटी त्यांच्याच डोक्यावर येते.

आधी ‘जुन्यातून जुन्यात’चे बघू. आयबीएमने सिस्टीम/३६० ही मेनफ्रेमची, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकांची, यंत्रमालिका ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केली. तिच्यातल्या मॉडेल ३० ला मेमरी मिळे ८ ते ६४ किलोबाइट. तेवढ्यात खातेदारांची शिल्लक, हप्ते, व्याज आणि छपाई बसवायची तर एकेक बाइट हाताने रचावा लागे, म्हणून असेम्ब्लर. पुढे ३७० आली, ३९० आली, २००० साली ६४ बिटांची झेड आली, पण जुन्या आज्ञा आयबीएमने मोडीत काढल्या नाहीत. त्यामुळे त्या काळच्या धाटणीचा हिशेबी प्रोग्राम आजच्या यंत्रावरही मुकाट्याने चालतो आणि ‘चालतंय ना, मग हात कशाला लावता’ म्हणत संस्था हातावर हात ठेवून बसतात. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याची इंडिव्हिज्युअल मास्टर फाइल हे याचे ठळक उदाहरण. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१६ च्या अहवालात तिचे वय सुमारे ५६ वर्षे सांगून तिच्यातल्या असेम्ब्लरवर बोट ठेवले होते.

त्या खात्याने पुढे जावा या अलीकडच्या भाषेची वाट धरली. मग बाकीचे कोबोल का निवडतात? कारण डेटाला धक्का लागत नाही. असेम्ब्लरमधला पॅक्ड दशमान आकडा आणि कोबोलमधला कॉम्प-३ हे बाइटन् बाइट एकच असतात. १२,३४५.६७ ही रक्कम पाच बाइटांच्या जागेत ००१२३४५६७सी अशी बसते. एका बाइटात दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह (सी किंवा एफ म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे). कोबोलमध्ये हीच जागा पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३ अशी लिहितात (एस म्हणजे चिन्ह, ९ म्हणजे अंक, व्ही म्हणजे दशांशाची जागा). ईबीसीडिक ही अक्षरांची संकेतपद्धत तीच, आयबीएमच्या व्हीसॅम पद्धतीच्या फाइली त्याच, जेसीएल म्हणजे जॉब चालवण्याच्या सूचना त्याच. म्हणून चारशे प्रोग्रामांच्या प्रणालीतला एकच प्रोग्राम बदलून बाकी ३९९ जसेच्या तसे ठेवता येतात. नवा लोड मॉड्यूल (प्रोग्रामचे यंत्रावर चालणारे तयार रूप) वेगळ्या लायब्ररीत ठेवायचा आणि स्टेपलिबमध्ये, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचा हे सांगणाऱ्या जेसीएलच्या ओळींत, तिला जुन्या लायब्ररीच्या आधी जोडायचे. रात्री दोन वाजता बिघडले तर ती एक ओळ काढली की जुना प्रोग्राम परत हजर. जावाकडे किंवा क्लाउडकडे जाताना हे फार कमी वेळा साधते. तिथे बहुधा फाइली, सॉर्टचा क्रम आणि शेजारचे प्रोग्राम एकाच झटक्यात हलवावे लागतात. कोबोलला जाणे हे शेवटचे ठिकाण नसेलही, पण मागे फिरता येते असा हा टप्पा आहे.

आता साधनांचे. आपोआप भाषांतर करणारी साधने खोटी नाहीत. पण त्यातली बरीचशी आज्ञेला आज्ञा असे भाषांतर करतात. प्रोसेसरच्या सोळा रजिस्टरांसाठी (हिशेबासाठी हाताशी असलेल्या जागांसाठी) डब्ल्यूएस-आर० ते डब्ल्यूएस-आर१५ असे सोळा व्हेरिएबल, कंडिशन कोडसाठी (मागच्या आज्ञेचा निकाल सांगणाऱ्या खुणेसाठी) आणखी एक, प्रत्येक लेबलाचा एक पॅराग्राफ, आणि मध्ये गो टू-चे जाळे. कंपाइल होते, उत्तरही बहुधा बरोबर येते, पण तो प्रोग्राम ना असेम्ब्लरवाल्याला वाचता येतो ना कोबोलवाल्याला. शिवाय एका आज्ञेचे काम पाच-सहा ओळी करत बसतात, त्यामुळे तो मूळ प्रोग्रामपेक्षा संथ चालतो. कंत्राटात एक साधी अट घालावी: हाती आलेल्या कोबोलमध्ये रजिस्टरच्या नावाचे एकही व्हेरिएबल असता कामा नये. एवढ्या एका अटीने निम्मे फसवे प्रस्ताव गळतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी साधने कोड वाचून ‘इथे व्याज काढले आहे’ असे सांगण्यात उपयोगी आहेत, हे आम्ही मान्य करतो. मात्र पुढे जे लिहीत आहोत त्यातले बरेच काही त्या कोडमध्ये दिसतच नाही.

काम सुरू होते ते सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) खरा आहे का या प्रश्नापासून. लायब्ररीतला सोर्स आणि प्रत्यक्ष चालणारा लोड मॉड्यूल एकच असेल असे गृहीत धरू नये. गेल्या चाळीस वर्षांत कुणीतरी घाईत सुपरझॅप या साधनाने थेट लोड मॉड्यूलमधले चार बाइट बदललेले असतात आणि सोर्समध्ये त्याची नोंद नसते. एएमबीलिस्ट हे आयबीएमचे साधन लिस्टआयडीआर सांगून चालवले की मॉड्यूलच्या कोणत्या भागावर, म्हणजे कंट्रोल सेक्शनवर, असा झॅप बसला आहे ते कळते. त्यानंतर सोर्स हाय लेव्हल असेम्ब्लर या आयबीएमच्या भाषांतरक प्रोग्रामने पुन्हा असेंबल करावा, लिंक करावा आणि दोन्ही मॉड्यूलांचा मजकूर ताडून पाहावा. जुळले नाही तर पहिला संशय मॅक्रोवर, म्हणजे एका ओळीतून अनेक आज्ञा काढणाऱ्या साच्यांवर. संस्थेचे घरचे मॅक्रो काळानुसार बदलत गेलेले असतात, आणि सिसलिबमध्ये (मॅक्रो शोधायच्या यादीत) लायब्ररींचा क्रम वर-खाली झाला तर त्याच ओळीतून वेगळा कोड निघतो. प्रिंट जेन लावून मॅक्रोचा विस्तार छापून घ्यावा. हे ताडणे संपेपर्यंत कोबोलची एक ओळही लिहू नये.

मग डेटा. डीसेक्टवरून (असेम्ब्लरमधल्या नोंदीच्या आराखड्यावरून) कॉपीबुक (कोबोलमधला तोच आराखडा) करणे हे कारकुनी काम समजून नवशिक्यांकडे दिले जाते, आणि पाणी मुरते ते इथेच. असेम्ब्लरमध्ये पाच अक्षरांच्या फील्डनंतर ‘डीएस एफ’ (चार बाइटांचा एक शब्द) असे लिहिले असेल तर असेम्ब्लर तो शब्द चारच्या पटीत आणून ठेवतो. म्हणजे तो पाचव्या ऑफसेटवर (सुरुवातीपासूनच्या अंतरावर) न येता आठव्यावर येतो आणि मध्ये तीन बाइट रिकामे राहतात. लिस्टिंगमध्ये ते नावाने दिसत नाहीत, फक्त डावीकडच्या पत्त्यात उडी दिसते. कॉपीबुकमध्ये ते फिलर पिक एक्स(३) असे उघड लिहावेत. आपोआप जागा जुळवणाऱ्या सिंक्रोनाइज्डवर भिस्त ठेवू नये. ऑकर्सच्या टेबलात ते प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वतःची भर घालते. ओआरजीने एकाच जागेवर दोन अर्थ लादलेले असतील तर कोबोलमध्ये रिडिफाइन्स वापरावे. आणि कॉपीबुक झाले की कंपायलरच्या मॅप लिस्टिंगमधला प्रत्येक ऑफसेट असेम्ब्लरच्या लिस्टिंगशी पेन्सिल घेऊन लावून बघावा. याला दुसरा उपाय नाही.

काही रचना कोबोलला मुळातच ठाऊक नाहीत. तीन बाइटांत वर्ष-महिना-दिवस असे सहा अंक, चिन्हाशिवाय, ठेवायची पद्धत जुन्या फाइलींत सर्रास दिसते. कॉम्प-३ ला शेवटी चिन्ह लागतेच, त्यामुळे हे फील्ड तसे जाहीर करून वापरताच रन पडतो. उपाय असा: चार बाइटांची जागा घ्या, पहिल्या तीनमध्ये तारीख ठेवा, चौथ्यात षोडशमान ०एफ टाका. २४०३३१ चे २४०३३१०एफ झाले, म्हणजे कॉम्प-३ मधला २४०३३१० हा आकडा. त्याला दहाने भागले की तारीख हाती आली. दुसरी रचना चोवीस बिटांच्या पत्त्यांची. पत्त्याला तीन बाइट पुरत, म्हणून चौथा, सर्वांत वरचा बाइट लोक फ्लॅगसाठी वापरत. कोबोलच्या पॉइंटरमध्ये तसे करता येत नाही आणि ३१ बिटांच्या मोडमध्ये तर तो कचरा पत्त्यातच मिसळतो. फ्लॅग वेगळा काढावा. बिट तपासणाऱ्या टीएम आणि लावणाऱ्या ओआय या आज्ञांना कोबोलमध्ये सरळ जोड नाही. लँग्वेज एन्व्हायर्नमेंट या आयबीएमच्या भाषांना लागणाऱ्या सामायिक वातावरणातल्या सीईईएसआयटीएसटीसारख्या सेवा वापरता येतात. पण नोंद फक्त याच प्रोग्रामची असेल तर आठ बिटांचे आठ अक्षरी फ्लॅग करून त्यांना ८८ पातळीची (कोबोलमध्ये अटींना देतात ती) नावे द्यावीत. वाचणारा दुवा देईल.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आकडेमोडीला द्यावा, कारण इथली चूक ॲबेंड होऊन, म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळून, समोर येत नाही. एका पैशाचा फरक पडतो, आणि तो महिनाअखेरीला लेजरमध्ये उगवतो.

राउंडिंग घ्या. असेम्ब्लरमध्ये गुणाकार एमपीने होतो आणि एसआरपी या आज्ञेने आकडा उजवीकडे सरकवून ५ च्या हिशेबाने राउंड करतात. जागा वाचवायला हे टप्प्याटप्प्याने केलेले असते: आधी तीन दशांशांपर्यंत, मग दोनपर्यंत. व्याज २.३४४६ आले तर पहिल्या टप्प्यात २.३४५ आणि दुसऱ्यात २.३५. कोबोल लिहिणारा हे सगळे एका कंप्यूट राउंडेडमध्ये, म्हणजे एका ओळीच्या सूत्रात, गुंडाळतो आणि त्याला २.३४ मिळतात. गणित म्हणून कोबोलचे उत्तर सरस आहे, पण खातेदाराला तीस वर्षे २.३५ च मिळत आले आहेत आणि उद्या सकाळी इतर प्रोग्राम २.३५ चीच वाट पाहणार आहेत. म्हणून कंप्यूट फोडावे. प्रत्येक एमपी आणि एसआरपीसाठी वेगळे मल्टिप्लाय, त्याच अंकसंख्येचे मधले फील्ड, आणि जिथे मुळात राउंडिंगचा अंक ५ आहे तिथेच राउंडेड. शून्य असेल तिथे नाही. ऋण आकड्यांची धास्ती घेऊ नये. एसआरपी चिन्ह बाजूला ठेवून राउंड करते आणि कोबोलचे नेहमीचे राउंडेडही तसेच वागते. भागाकारात डीपी ही आज्ञा एकाच जागेत भागाकार आणि बाकी शेजारी-शेजारी ठेवते. तिथे डिव्हाइड आणि रिमेंडर वापरावे, कंप्यूटमधले भागाकाराचे चिन्ह टाळावे. मधल्या उत्तरात किती दशांश ठेवायचे हे तिथे कंपायलर आपल्या नियमाने ठरवतो, तुमच्या नाही. अठरा अंकांपेक्षा मोठी फील्ड असतील तर कंपायलरला एरिथ(एक्स्टेंड) लावावे लागते, मग ३१ अंकांपर्यंत जाता येते.

बायनरीची गोष्ट निराळी. असेम्ब्लरमधल्या अर्ध्या शब्दात (दोन बाइटांत) ३२,७६७ पर्यंत आकडा मावतो. कोबोलमध्ये तेच फील्ड पिक एस९(४) कॉम्प (म्हणजे बायनरी) लिहिले आणि कंपायलरचा ट्रंक(एसटीडी) हा पर्याय चालू असला, तर चारच अंक टिकतात. १२,३४५ ठेवायला गेलात की २,३४५ उरतात, तक्रार न करता. टेस्टमध्ये नोंदी दोनशे असतात, म्हणून हे सापडत नाही. असेम्ब्लरमधून आलेले प्रत्येक बायनरी फील्ड कॉम्प-५ करावे, की पिक्चरची मर्यादा सुटते.

ओव्हरफ्लोही (उत्तर जागेत न मावणे) वेगळा वागतो. बेरजेच्या एपी आज्ञेनंतर ‘बीओ’ (ओव्हरफ्लो झाल्यास उडी) असेल तर ते ऑन साइज एरर होते हे खरे, पण असेम्ब्लरमध्ये वरचे अंक कापलेले उत्तर फील्डमध्ये पडलेले असते आणि कोबोलमध्ये ऑन साइज एरर दिले तर फील्ड जुनेच राहते. त्रुटीच्या वाटेवरचा कोड पुढे ते फील्ड छापत असेल, तर अहवालात वेगळा आकडा येणार.

चिन्हाचा अर्धा बाइट आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. पॅक आज्ञेने अक्षरी आकड्याचा पॅक्ड आकडा केला की चिन्ह एफ येते. एपी किंवा झॅप (ही आकडा जागेत ठेवणारी आज्ञा, मघाच्या सुपरझॅपशी संबंध नाही) आज्ञेतून बाहेर पडलेल्या आकड्याचे चिन्ह सी किंवा डी असते. कोबोलमध्ये एस असलेल्या कॉम्प-३ त मूव्ह केले तर सी, एस नसलेल्यात एफ. किंमत तीच, बाइट निराळा. तुलना करणारे साधन अशा हजारो ओळी लाल करते आणि टीम म्हणते, ‘हे निरुपद्रवी आहे, दुर्लक्ष करा.’ निरुपद्रवी तेव्हाच, जेव्हा ती फाइल पुढे वाचणारा प्रत्येक प्रोग्राम सीपीने, म्हणजे किमतीने, तुलना करत असेल. पुढचा असेम्ब्लर प्रोग्राम सीएलसीने बाइटांची तुलना करत असेल, किंवा ते फील्ड व्हीसॅमच्या कीमध्ये (नोंद शोधायच्या फील्डमध्ये) असेल, तर त्याच्या दृष्टीने एफ आणि सी हे दोन वेगळे खातेदार आहेत. म्हणून प्रत्येक आउटपुट फील्डवर शेवटची आज्ञा कोणती चालली होती ते पाहावे. पॅक असेल तर एस काढावे, एपी असेल तर ठेवावे.

प्रोग्रामचा प्रवाह समजून घेताना जुन्या लोकांच्या क्लृप्त्या आडव्या येतात. पहिल्या नोंदीला एक वाट आणि पुढच्या नोंदींना दुसरी, यासाठी आज फ्लॅग ठेवतात. तेव्हा प्रोग्राम स्वतःलाच बदलत असे. लिस्टिंगमध्ये एनओपी दिसते, म्हणजे कुठेही उडी न मारणारी आज्ञा, षोडशमानात ४७००. दूर कुठेतरी ‘ओआय स्विच+१’ अशी ओळ असते. ती त्या आज्ञेच्या दुसऱ्या बाइटात एफ० टाकते, ४७०० चे ४७एफ० होते, आणि तीच आज्ञा पुढच्या फेरीपासून बिनशर्त उडी मारू लागते. सोर्स वरून खाली वाचणाऱ्याला, माणूस असो की यंत्र, ती वाट मेलेली वाटते. म्हणून सोर्समध्ये लेबल+१ वर लिहिणारी प्रत्येक एमव्हीआय, ओआय, एनआय आणि एसटीसी (या बाइट बदलणाऱ्या आज्ञा) आधी शोधून काढावी. कोबोलमध्ये एकेकाळी ऑल्टर हे विधान यासाठीच होते, १९८५ च्या मानकात ते कालबाह्य ठरले; चुकूनही त्याच्याकडे वळू नये. ८८ पातळीचा एक फ्लॅग पुरतो.

सबरूटीनमधून परत येण्याचेही असेच. सबरूटीनला बोलावणाऱ्या बीएएल आज्ञेच्या लगेच खाली त्रुटीकडे नेणारी उडी आणि त्याखाली सुरळीत वाट, असे लिहिलेले असते. सबरूटीन बिघडले तर रजिस्टर १४ वर परतते, जमले तर १४ अधिक चारवर. ‘बी ४(१४)’ ही ओळ नजरेतून सुटली की कोबोलमध्ये परफॉर्म केलेला (बोलावलेला) पॅराग्राफ एकाच ठिकाणी परत येतो आणि प्रत्येक नोंद त्रुटी ठरते, किंवा एकही ठरत नाही. तुलना आणि तिच्यावरची उडी यांच्यामध्ये दहा आज्ञा असू शकतात हेही ध्यानात ठेवावे. एल, एलए, एमव्हीसी या उचलणाऱ्या-हलवणाऱ्या आज्ञा कंडिशन कोडला हात लावत नाहीत, एपी लावते. दुसरी आज्ञा चालवणारी ईएक्स वापरून बदलत्या लांबीची एमव्हीसी चालवली असेल तर लांबी एकाने कमी दिलेली असते. कोबोलमध्ये रेफरन्स मॉडिफिकेशन करताना (फील्डचा तुकडा घेताना) ते एक परत मिळवावे. मूळ लांबी शून्य आल्यास असेम्ब्लर २५६ बाइट हलवायचा, कोबोलमध्ये एसएसरेंज ही हद्दीची तपासणी चालू असेल तर रन थांबेल. तेव्हा शून्याची तपासणी आधीच घालावी. एका बाइटाने सरकवलेली, स्वतःवरच पडणारी एमव्हीसी ही जागा स्पेसने भरण्याची जुनी युक्ती आहे. तिचे मूव्ह स्पेसेस करावे. एकमेकांवर चढलेल्या फील्डांच्या मूव्हची कोबोल काही हमी देत नाही.

फाइलींत मोठा सापळा एकच. व्हीबी, म्हणजे बदलत्या लांबीच्या नोंदींच्या, फाइलीतल्या नोंदीच्या सुरुवातीला चार बाइटांचा लांबीचा शब्द असतो. असेम्ब्लरला तो दिसतो, कोबोलला दिसत नाही. म्हणून डीसेक्टमधले सगळे ऑफसेट कोबोलमध्ये चारने मागे येतात, पण जेसीएलमधल्या सॉर्ट कार्डावरच्या जागा तशाच राहतात, कारण डीएफसॉर्ट हा आयबीएमचा सॉर्ट प्रोग्राम तो शब्द मोजतो. उत्साहाच्या भरात कुणी सॉर्ट कार्डही ‘दुरुस्त’ करतो आणि फाइल चुकीच्या क्रमाने लागते. बाकी ओपनला फाइल स्टेटस ३९ आले तर एफडीतले (कोबोलमधले फाइलीचे) वर्णन आणि प्रत्यक्ष डेटासेट जुळत नाहीत असा अर्थ, बहुधा लांबी किंवा नोंदीचा प्रकार. ब्लॉक कंटेन्स ० लिहायला विसरू नये. लोकेट मोडमध्ये (नोंद बफरमध्येच ठेवून) वाचणारा असेम्ब्लर फाइल संपल्यावरही बफरमधल्या शेवटच्या नोंदीकडे बघत असेल, तर कोबोलमध्ये ती नोंद रीड इंटूने वर्किंग-स्टोरेजमध्ये (प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेत) आधीच उतरवून घ्यावी.

मध्यंतरीच्या काळात असेम्ब्लर मुख्य प्रोग्राम आणि त्याखाली कोबोल सबप्रोग्राम अशी स्थिती येते. असेम्ब्लर लँग्वेज एन्व्हायर्नमेंटच्या नियमांनुसार लिहिलेला नसेल तर प्रत्येक कॉलला ते सगळे वातावरण उभे राहते आणि मोडते. दहा लाख नोंदी, दहा लाख वेळा. दहा मिनिटांचा जॉब तासांवर जातो आणि खापर कोबोलवर फुटते. सीईईएंट्री मॅक्रोने असेम्ब्लरला त्या वातावरणात आणावे, किंवा सीईईपीआयपीआयने ते एकदाच उभारावे. सर्वांत बरे म्हणजे भाषांतर वरून खाली करावे, मुख्य प्रोग्राम आधी. गेटमेनने दर वेळी कोरी जागा घेणाऱ्या प्रोग्रामाचे फील्ड लोकल-स्टोरेजमध्ये जावेत; वर्किंग-स्टोरेज मागच्या कॉलचे आकडे धरून ठेवते.

लेखात ‘असेम्ब्लर वेगवान, कोबोल संथ’ असेही म्हटले होते. नीट लिहिलेल्या कोबोलबाबत आज हे सरसकट खरे नाही. आज्ञा आणि डेटा शेजारी-शेजारी ठेवणारा, स्वतःला बदलणारा प्रोग्राम आजच्या प्रोसेसरच्या कॅशला दर फेरीला धक्का देतो. उलट आयबीएमचा सहाव्या आवृत्तीचा कोबोल कंपायलर, आर्च(१२) दिल्यास, २०१७ च्या झेड१४ यंत्रात आलेल्या पॅक्ड दशमानाच्या व्हेक्टर आज्ञा वापरतो. जुन्या असेम्ब्लरला त्या माहीतही नाहीत.

चाचणीबद्दल थोडे कडक लिहितो. निकष एकच: तोच इनपुट, दोन्ही प्रोग्राम, आणि आउटपुट बाइटन् बाइट सारखे, सुपर-सी हे साधन ताडून देते. फरक राहिलाच तर तो लेखी मान्य करणाऱ्याची सही हवी. रोजचे रन पुरत नाहीत. महिनाअखेर, तिमाही, वर्षअखेर, २९ फेब्रुवारी, ऋण शिल्लक, रिकामी फाइल, नुसते हेडर असलेली फाइल, हे सगळे पॅरलल चालले पाहिजे, आणि म्हणूनच ‘काही आठवडे’ हे गणित बसत नाही. इकडच्या टीमना खरा डेटा मिळत नाही, मास्क केलेला (ओळख झाकलेला) मिळतो. गोपनीयतेसाठी ते योग्यच आहे. पण मास्क करणारा प्रोग्राम घाणही धुऊन टाकतो. खऱ्या फाइलीत वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या खात्याच्या रकमेत स्पेसेस पडलेल्या असतात. असेम्ब्लर एका बाइटावरून ते खाते ओळखून पुढे जायचा, कोबोलने त्या रकमेला हात लावला की सॉक सेव्हन, म्हणजे अवैध आकड्यामुळे ॲबेंड. ग्राहकाकडून खरा डेटा मागू नये. त्यांच्याच यंत्रावर प्रत्येक पॅक्ड फील्डवर इफ न्यूमेरिक चालवणारा छोटा प्रोग्राम चालवून फक्त मोजणी मागावी: कोणत्या फील्डमध्ये किती नोंदी अवैध, आणि त्यात कोणते बाइट. तेवढ्यावरून टेस्ट डेटात तीच घाण मुद्दाम कालवता येते.

सगळे काही कोबोलमध्ये आणायचा हट्टही नको. जेस (जॉबची रांग), रॅकएफ (सुरक्षा) आणि एसएमएफ (वापराच्या नोंदी) यांचे एक्झिट, स्वतःचे चॅनेल प्रोग्राम, ईस्टे (ॲबेंड सावरणे), एनक्यू (सामायिक जागेला कुलूप लावणे) यांसारख्या सेवा मागणारे तुकडे असेम्ब्लरमध्येच राहू द्यावेत. लहान, एकाच कामाचे, वर दहा ओळींची टिप्पणी असलेले. मग तेवढे वाचता येणारी दोन माणसे तरी संस्थेत हवीत.

ही माणसे घडवणे आपल्या महाविद्यालयांना खर्चिक नाही. हर्क्युलीस हा इम्युलेटर (मेनफ्रेमची नक्कल करणारा प्रोग्राम) साध्या लॅपटॉपवर चालतो आणि त्यावर एमव्हीएस ३.८ ही आयबीएमची जुनी कार्यप्रणाली मोफत उतरवता येते. तयार संचात असेम्ब्लर एक्सएफ आणि जुना एएनएस कोबोल कंपायलर दोन्ही मिळतात. शंभर ओळींचा असेम्ब्लर प्रोग्राम, त्याचा डम्प (मेमरीची छपाई) आणि त्याचे कोबोल, एवढे एका सत्रात बसते. त्या कोबोलमध्ये एंड-इफ आणि इव्हॅल्युएट नाहीत, ती १९८५ च्या मानकात आली. त्यासाठी आयबीएमच्या झेड एक्सप्लोर या विनामूल्य अभ्यासक्रमावर विद्यार्थ्यांना खऱ्या यंत्राचे खाते मिळते, तिथे नवा कंपायलर वापरून तोच प्रोग्राम पुन्हा लिहून घ्यावा.

आपले,
मेनफ्रेमवर काम केलेले दोन प्रोग्रामर, पुणे